लाईनीवरची द्वारकी

द्वारकी दिसायला माझ्यापेक्षा बरी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पुढे तिच्याबद्दल बरंच चांगलं लिहावं लागणार आहे, तेव्हा निदान सुरुवात तरी माझ्या बाजूने होऊ दे. रंगाने मी उजळ, नाक माझं सरळ, आणि शाळा मी सातवीपर्यंत शिकलेली. ती दुसरीत असताना पाटी फोडून घरी आली ती परत गेलीच नाही. माझं माहेर दहिवलीचं, म्हणजे कर्जत स्टेशनाच्या पलीकडचंच. तिचं खालापूरच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला, जिथून एसटी धरायला तासभर चालावं लागे. एवढं सगळं माझ्या पदरात असताना मी चाळीस वर्षं तिच्यावर जळले. पेरणीआधी आमच्याकडे शेण आणि पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. वरून आग दिसत नाही, आत आत धुमसत असतं. तशी जळले.

आम्ही दोघी एकाच वैशाखात या गावात सून म्हणून आलो. घराला घर लागून आणि शेताला शेत लागून. मध्ये एक बांध. बांधाच्या अलीकडचं भाताचं खाचर आमचं, पलीकडचं तिचं. तिचा नवरा जयरामभाऊजी आणि आमचे हे, दोघेही साजगावच्या कारखान्यांत कामाला. सकाळच्या एसटीने जायचे, संध्याकाळी यायचे, आणि सुटीच्या दिवशी शेतात उभं राहून शेतकरी असल्यासारखं बोलायचे. खरी शेती बायकांची.

द्वारकी शेतात पायांत काही घालत नसे. बांधाशी आली की चपला काढून हातात घ्यायची आणि चालू लागायची. काटा असो, ऊन असो. चपला हातात कशाला, कडेला ठेवाव्यात ना? तर म्हणायची, "माज्याबरोबर येऊ देत की त्याबी." मी मात्र प्लास्टिकचे बूट घालून लावणीला उतरणारी. बूट चिखलात रुतायचे, पाय वर यायचा, बूट खालीच. मग मी एका पायावर उभी राहून हात घालून बूट शोधायची आणि सगळ्या बायका कमरेवर हात ठेवून माझी गंमत बघायच्या. तरी बूट सोडले नाहीत. दहिवलीची होते ना मी.

"पायाला इचार" हे तिचं वाक्य. पाणी किती ठेवायचं खाचरात? पायाला इचार. वालाला जमीन झाली का? पायाला इचार. शेतापुरतं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तिच्या मोठ्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो तेव्हा ही बया चहा यायच्या आधी चपला काढून त्यांच्या अंगणात एक फेरी मारून आली आणि मला कोपराने ढोसून म्हणाली, "सारवण एकसारका हाय बघ. पोरगी हाताची चांगली." झालं, लग्न ठरलं. सून निघाली सोन्यासारखी. माझ्या सुनेबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, ती हे वाचणार आहे.

तर अशी ही द्वारकी. आता तेलाकडे वळते, कारण तेल आलं नसतं तर मी तिच्यावर जळले असते, पण बेताने.

माझा धाकटा बालवाडीत जायला लागला त्या वर्षी गावात जीपगाड्या आल्या. दुर्बिणीसारखं यंत्र तिकाटण्यावर ठेवून माणसं शेताशेतातून बघत फिरू लागली, लाल कापडाच्या झेंड्या रोवू लागली. मुंबईकडून तेलाची लाईन घाटावर न्यायची होती. जमिनीखालून, पुरुषभर खोल. ज्याच्या शेतातून जाईल त्याला भरपाई. गावाला तेलाचं वेड लागलं. ज्या माणसांनी आयुष्यात देवळात पाय ठेवला नव्हता ती माणसं झेंड्यांची दिशा बघून नवस बोलू लागली. मीही बोलले. पाच नारळ. आमच्या खाचरातून जाऊ दे, अशी सोपी मागणी होती.

लाईन द्वारकीच्या खाचरातून गेली. आमच्या बांधापासून वीस पावलांवरून. वीस पावलं! देवाने एवढं जवळ आणून वळवावं? नारळ मी दिले नाहीत.

भरपाई किती मिळाली ते मी विचारलं नाही. म्हणजे तिला विचारलं नाही. बाकी सगळ्यांना विचारलं.

मशिनं आली, खंदक झाला, काळे काळे पाइप एकाला एक जोडून त्यात झोपवले, आणि महिन्याभरात सगळं बुजवून माणसं निघूनही गेली. वर काही दिसेना. खाली तेल वाहतंय आणि वर भात उभा. फक्त तिच्या बांधावर एक लोखंडी खांब राहिला, डोक्याएवढा उंच, पिवळ्या रंगाचा, वर पत्र्याची पाटी. खाली काय आहे ते पाटीवर लिहिलेलं. लाईनीवर भात लावा, वाल लावा, पण झाड लावायचं नाही, विहीर खणायची नाही, घर बांधायचं नाही, आग पेटवायची नाही. रोज एक लाईनवाला खांद्याला पिशवी लावून खांबाखांबाने चालत यायचा, सगळं ठीक आहे ना बघायचा, आणि द्वारकीच्या ओटीवर बसून पाणी प्यायचा. रोज! माझ्या ओटीसमोरून जाऊन तिच्या ओटीवर बसायचा.

खंदकाने तिच्या जमिनीचं वाटोळं केलं होतं, हे मी तेव्हा बघितलं नाही. खालचा मुरूम वर आला होता. त्या पट्ट्यातला भात पहिली तीन वर्षं गुडघ्याएवढाच राहिला. द्वारकी पाटीपाटीने शेणखत आणून टाकायची, राबाची राख टाकायची, आणि पट्ट्यावरून अनवाणी चालत राहायची, लहान मुलाला थोपटल्यासारखी. मी आपली बांधावरून खांबाकडे बघत बसायची.

एकदा तेलकंपनीच्या साहेबांनी शाळेत सभा घेतली. तेलाचा वास आला, जमीन ओली दिसली, कुणी खणताना दिसलं, तर लगेच कळवा, असं सांगायला. साहेबांनी विचारलं, "लाईन नेमकी कुठून जाते, कोण सांगेल?" पुरुष खांब दाखवू लागले. द्वारकी मागे दाराशी बसली होती. ती म्हणाली, "खांब कशाला पायजे? मी डोले मिटून दाखवते." साहेब हसले. मग खरंच सगळी सभा शेतात गेली. माघाचा महिना होता, वाल काढणीला आले होते. हिने डोळ्यांवर पदर ओढला, चपला हातात घेतल्या आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत चालत गेली. साहेबांनी आपल्या नकाशावर बघितलं. वीतभरही चूक नाही.

साहेबांनी तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं. म्हणाले, या आमच्या गावातल्या नजर ठेवणाऱ्या. एक फोन नंबराचं कार्ड दिलं. आणि एक टोपी दिली.

टोपी पिवळी होती. कापडाची, पुढे चोच असलेली, समोर निळ्या रंगात एक थेंब काढलेला. आत्ता लिहितानासुद्धा ती टोपी डोळ्यांपुढे आली की माझ्या पोटात दुखतं. द्वारकीने ती डोक्यावरच्या पदरावर चढवली आणि दुसऱ्या दिवशी शेतात आली. टोपी घालून वालाच्या शेंगा तोडत होती. इतकी विचित्र दिसत होती. आणि मला इतकी हवी होती ती टोपी!

त्याच माघात आम्ही पोपटी लावायचं ठरवलं. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याचा पाला घालायचा, मडकं उपडं ठेवून वर पेंढा पेटवायचा. दिवस कलताना शेजारपाजार जमतो आणि गरम शेंगा सोलून खातो. दरवर्षी पोपटी द्वारकीच्या खाचरात लागायची. त्या वर्षी मी मडकं घेऊन गेले तर ही टोपीवाली आडवी आली.

"हितं नको गं, यमुने. हितं लाईन हाय. साहेब बोलले ना, आग नको."

"मग कुठे लावायची?"

"तुज्या शेतात लाव की. तुज्यात काय नाय."

तुज्यात काय नाय. ती साधेपणाने बोलली हो. खरंच माझ्या शेतात काही नव्हतं, म्हणून तिथे आग लावायला हरकत नव्हती. पण माझ्या कानात ते तीन शब्द चैत्रापर्यंत वाजत राहिले. मी पोळी लाटत असायची आणि मध्येच लाटणं थांबायचं. तुज्यात काय नाय.

वैशाखात गावात हळद होती. सगळं गाव मांडवात. मी डोकं दुखतंय म्हणून जेवणाआधी घरी आले. पाण्याला म्हणून मागच्या दारी गेले आणि खांब दिसला. आदल्या दिवशी रंगवून गेले होते. नव्या पिवळ्या रंगात उन्हात असा चमकत होता की मला राहवेना.

मी पहार घेतली. भर दुपारी, नेसत्या चांगल्या पातळावर, मी द्वारकीच्या बांधावरचा खांब उकरून काढला, ओढत ओढत आमच्या खाचराच्या मधोमध नेला आणि रोवला. आता तुम्ही म्हणाल, अगं बये, खांब हलवला म्हणून खालचं तेल हलतं का? मला कळत होतं हो, सातवी शिकलेली होते. तेल मला नकोच होतं. मला लाईनवाला माझ्या ओटीवर पाणी प्यायला हवा होता. आणि पुढच्या सभेला खुर्ची. आणि जमलं तर टोपी.

खांबाच्या वजनाने माझी पाठ गेली. संध्याकाळी मी अंथरुणावर आडवी, आणि दारात कोण? द्वारकी. वाटीत कोमट खुरासणीचं तेल घेऊन.

"पाट धरली म्हंतात तुजी. काय उचललंस गं?"

"हंडा."

"पालथी हो."

तिने माझी पाठ चोळली. तिचे हात तिच्या पायांसारखेच होते, बरोबर दुखरी जागा सापडायची त्यांना. मग तिने माझे हात घेतले, तळवे उलटे करून बघितले. पिवळेधमक.

"हळद लागली," मी म्हटलं. "मांडवात नवरदेवाच्या बहिणीने फासली."

"हां," म्हणाली. माझ्या तळव्यावर तेल घालून अंगठ्याने घासत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "हळद तेलानं जाते गं. ही नाय जात."

मी डोळे मिटून घेतले. ती उठली, तिच्या घरी गेली, रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन आली आणि माझ्या दोन्ही हातांचा रंग बोटाबोटाने पुसून काढला. बाटलीला बूच लावलं आणि निघाली. मला वाटलं, भोळी आहे, तिला काही कळलं नाही. बघा, सातवी शिकलेल्या बाईची अक्कल.

सकाळी तिने खांब माझ्या शेतात उभा बघितला. बांधापाशी थांबली, चपला हातात. म्हणाली, "तुज्यात आली काय गं लाईन? बरा झाला. तितं इहीर खणू नको मंग." आणि हसत निघून गेली.

लाईनवाला नुकताच बदलला होता. नव्याला शेत माहीत नव्हतं, खांबच माहीत. तो माझ्या ओटीवर बसला! मी पाणी दिलं, गूळ दिला, चहा दिला, दुसऱ्या दिवशी पोहे दिले. आमचे हे म्हणाले, "मला नाही कधी पोहे दिलेस तू कामाला जाताना." एक अख्खा पावसाळा आणि एक हिवाळा मी मिरवले. पुढचा उन्हाळा लागला.

आणि जयरामभाऊजींना विहिरीचं मनात आलं.

त्यांना फार वर्षांपासून विहीर हवी होती. लाईन आली म्हणून मन मारून बसले होते. भोळा माणूस. त्यांनी खांब बघितला, तो आता आमच्या शेतात उभा. त्यांना वाटलं, आपण कामावर असताना कंपनीने लाईनच सरकवली असेल. बायकोला न विचारता, तिला चकित करायला म्हणून, त्यांनी खालापूरहून खणायचं मशीन बोलावलं. सुटीचा दिवस धरून, सकाळी सकाळी.

मी भाकऱ्या थापत होते. मशिनाचा आवाज आला म्हणून मागच्या दाराशी आले. पिवळं मशीन द्वारकीच्या खाचरात शिरत होतं. आत्ता खांब होता तिथे नाही, पूर्वी होता तिथे. बरोबर लाईनीवर.

इथे मी काय केलं ते लिहायचं म्हणून ही सगळी खटपट. मी काही केलं नाही. हाताला पीठ, दारात उभी. एकच वाक्य ओरडायचं होतं: खांब मी हलवलाय! शेतात आमचे हे उभे, जयरामभाऊजी उभे, शेजारचे चौघे उभे. जमिनीखाली तेल वाहतंय, वरून मशिनाचा लोखंडी पंजा खाली येतोय, आणि मला काय वाटावं? की हे सगळे मला हसतील. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग धावले, पण धावताना दोनदा थांबले. हे दोनदा थांबणं मला अजून आठवतं.

मी बांधावर पोचेपर्यंत द्वारकी तिथे पोचली होती. कुठून आली देव जाणे, हातात शेणाची पाटी तशीच. मशिनापुढे गेली, पाटी टाकली आणि खाली बसली. पाय लांब करून, ओटीवर बसावं तशी.

"ए बाय, उठ!" मशीनवाला ओरडला.

"तूच खाली उतर. हितं खणायचा नाय."

जयरामभाऊजी धावले. "अगं, येडी झालीस काय? लाईन तिकडं हाय, यमुनावैनीच्या शेतात. खांब बघ की!"

"खांब नको बघूस. जमीन बघ."

तिने बसल्या बसल्या हात फिरवला. आणि मग सगळ्यांना दिसलं. वाल निघाल्यावर आमच्या काळ्या जमिनीला उन्हाने भेगा पडतात, पाऊल जाईल एवढ्या. तिच्या खाचरभर भेगाच भेगा होत्या. फक्त एक पट्टा, या बांधापासून त्या बांधापर्यंत, सरळ, सपाट. एक भेग नाही. खंदकातला मुरूम वर आलेला, तो भेगाळत नाही. द्वारकी नेमकी त्या पट्ट्याच्या मधोमध बसली होती.

"जितं भेग नाय तितं लाईन," ती म्हणाली.

सगळ्यांनी माझ्या शेताकडे बघितलं. मधोमध पिवळा खांब आणि चारी बाजूंनी भेगाच भेगा. माझ्या जमिनीने माझी चाडी सांगितली होती, उन्हाळा लागल्यापासून उघड्यावर सांगत होती, आणि मी बूट घालून तिच्यावरून फिरत होते.

"मंग खांब तिकडं कसा ग्येला?" जयरामभाऊजींनी विचारलं.

मी बांधावर उभी होते. द्वारकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातावरचं शेण झटकलं आणि म्हणाली,

"मी नेला. नांगराला नडत व्हता. परत लावायचा इसरले."

जयरामभाऊजी तिला चार लोकांत बोलले. नको नको ते बोलले. मशीनवाला घाम पुसत होता, तोही बोलला. ती ऐकत बसली. आणि मी? मी म्हटलं, "अगं बाई, असं कसं केलंस द्वारके!"

म्हटलं मी. माझ्या तोंडाने. त्या वेळी मात्र आवाज बरोबर आला.

दोन दिवसांनी साहेब आले. खांब परत जागेवर रोवला, पायाला सिमेंट घातलं. साहेब रागावले नाहीत, पण त्यांना वाईट वाटलं होतं. म्हणाले, "तुमच्यावर भरवसा होता, बाई." त्यांनी कार्ड मागितलं. तिने पदराच्या गाठीतून काढून दिलं. टोपी त्यांनी मागितली नव्हती. तिने स्वतःच डोक्यावरून काढली, झटकली आणि पुढे केली. मग साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. लाईनवाला मला ओळखत होता, माझे पोहे खाल्लेले. तो म्हणाला, "या वहिनी शिकलेल्या आहेत, साहेब."

आणि साहेबांनी टोपी मला दिली.

ती मी एकदाही घातली नाही. घरी आणून ट्रंकेत, शालूच्या खाली ठेवली. आमच्या ह्यांनी विचारलं, "एवढी हवी होती ना?" म्हटलं, डोक्याला घट्ट होते.

गावाने द्वारकीला पुढे कितीतरी वर्षं "खांबवाली" म्हटलं. लग्नात पंगतीला बसली की कुणीतरी म्हणायचंच, हिच्या हाताशी काही उभं ठेवू नका गं, घेऊन जाईल. ती सगळ्यात मोठ्याने हसायची. आणि माझ्याकडे एकदाही बघायची नाही. मला वाटायचं, एकदा तरी बघ, रागाने बघ. तेवढाही हिशेब तिने कधी मागितला नाही. कुणी एवढं मोठं कसं असू शकतं, याचासुद्धा मला राग यायचा. विहीर तिने मग खालच्या कोपऱ्यात खणली, लाईनीपासून लांब. अनवाणी फिरून जागा तिनेच सांगितली. पाणी लागलं, आणि तेही गोड. मी ते पिऊन बघितलं, काहीतरी खोट सापडेल म्हणून.

मग काळ बदलला. आमच्या कर्जत-खालापुरात मुंबई-पुण्याची माणसं जमीन घेऊ लागली, सुटीची घरं बांधायला. आमचे हे गेले होते तोवर. मुलांनी विचारलं, मी अंगठा नाही, सही केली. सातवी शिकलेली ना. आमच्या खाचरात आता एक बंगला आहे, भोवती भिंत, आत निळ्या पाण्याचा हौद. शनिवारी गाणी लागतात. लावणी, भात, वाल, काही नाही. दलाल द्वारकीच्या ओटीवरही आला होता. पण तिच्या शेतात लाईन. घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही. दलाल चहा पिऊन उठला.

त्या दिवशी मी पहिल्यांदा जिंकले, असं मला वाटलं. नातवंडांना म्हटलंसुद्धा, बघा, आमच्यात काही नव्हतं म्हणून तर विकलं गेलं.

आणि पुढच्या आश्विनात मागच्या दारी बसले तर भिंतीपलीकडे तिचा भात पिवळा होऊन उभा. वाऱ्यावर डोलत. गावातली निम्मी खाचरं बंगल्यांखाली गेली, आणि तेलाने हिचं शेत राखलं. ज्या तेलावर मी जळले त्याच तेलाने! आता सांगा, माणसाने किती वेळा जळायचं?

दर माघात वालाचा पहिला तोडा ती मला आणून द्यायची. लाईनीवरचे वाल आठवडाभर आधी तयार होतात, तेच आणायची. सूप माझ्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, "तुज्या वाटचं." कसलं माझ्या वाटचं? मी सोलायची, बिरडं करायची, आणि एवढी चव का आहे म्हणून चिडचिड करायची.

मागच्या माघात तिची नजर बरीच गेली होती. डोळ्यांत मोती. शस्त्रक्रिया कर म्हटलं तर म्हणायची, "बघायचा काय ऱ्हायलाय? पाय हाय ना." तरी रोज शेतात जायची, चपला हातात. एका सकाळी मी ट्रंक उघडली. शालू बाजूला केला, टोपी काढली. कापडाला घडीच्या खुणा पडल्या होत्या, पण रंग तसाच. पदराखाली घेऊन मी बंगल्याच्या भिंतीला वळसा घालून तिच्या शेतात गेले. आता बूट नाहीत, गुडघ्यांमुळे काठी आली आहे.

ती खांबाशी उभी होती. आताचा लाईनवाला, दोन मुलींचा बाप, मोबाईलमध्ये फोटो काढत होता. मला वाटलं, साक्षीदार आहे ते बरं. त्या वेळी चौघांसमोर राहिलं होतं, आता एकासमोर तरी होऊ दे.

"दादा," मी म्हटलं, "लिहून घ्या. हा खांब द्वारकीने नव्हता हलवला. मी हलवला होता."

"कधी, आजी?"

"तुमच्या जन्माच्या आसपास."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग खांबाकडे, मग हसायला लागला. पण मी द्वारकीकडे बघत होते. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मी रडेन. तिने कमरेवर हात ठेवले.

"गपचूप बस की गं! खांब नेलास. टोपी नेलीस. आता माजा गुन्हाबी नेतेस व्हय?"

आणि हसली. पंगतीत हसायची तशी, तोंड वर करून. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून.

मी टोपी तिच्या हातात दिली. तिने बोटांनी चाचपली, चोच कुठली ते शोधलं, आणि पदरावर चढवली. वाकडी. मग म्हणाली, "चल, तुला दाकवते," आणि माझी वाट न बघता निघाली. वाल दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत, हातात चपला, डोक्यावर पिवळी टोपी, नजर नसलेली म्हातारी या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ चालत गेली, वीतभरही न चुकता. लाईनवाल्याने मोबाईलवर रेघ बघितली आणि मान हलवली.

चैत्रात ती गेली. त्या सकाळचीच द्वारकी माझ्याकडे उरली आहे, पाठमोरी, लांब जाणारी.

टोपी तिला शोभत होती. मेली इतकी शोभत होती, की तिथे काठीवर रेलून उभी असताना माझ्या पोटात पुन्हा दुखलंच.